थँक्यू म्हणायचं, पण कुणाला? पुण्याच्या एका ग्लास पाण्याची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. इअरफोन घरी राहिले असतील, किंवा बसच्या गर्दीत ऐकू येत नसेल, तर निवांत वाचा.

आजकाल मोबाइलवर एक नवीन प्रकार सगळ्यांकडे दिसतो. रात्री साडेदहाला नोटिफिकेशन येतं: आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींसाठी कृतज्ञ आहात? आणि आपण लिहितो. आईचा फोन आला. मीटिंग लवकर संपली. पाऊस छान होता. माझ्या टीममधले निम्मे लोक हे करतात, मीही वर्षभर केलं. वाईट काहीच नाही त्यात, झोप बरी लागते. पण एक गोष्ट मला सारखी टोचायची. या यादीत आभार आहेत, पण पत्ता नाही. थँक्यू लिहिलं, सेव्ह केलं, संपलं. ते पोचलं कुणाला?

मी इंजिनिअर आहे, बीटेक करून सहा वर्षं झाली, दिवसभर सर्व्हर सांभाळते. आमच्या धंद्यात एक गंमत आहे: सिस्टिम नीट चालली तर कुणाचाच फोन येत नाही. पाच मिनिटं बंद पडली की सगळ्या जगाला आमची नावं कळतात. त्यामुळे जे गुपचूप चालू असतं त्याच्यामागे कोण आहे, हे शोधायची मला सवयच लागली आहे. म्हणून ठरवलं, आपल्या रोजच्या आयुष्यातली सगळ्यात साधी गोष्ट घ्यायची आणि तिचा पत्ता शोधायचा. एक ग्लास पाणी. पुण्यातलं.

शोधत गेले तेव्हा लक्षात आलं की हा पत्ता एक नाही. आणि वाटेत काही माणसं अशी भेटतात, ज्यांना हे पाणी कधी मिळालंच नव्हतं. चला, सुरुवातीपासून बघू.

कात्रजहून निघालेलं पाणी

अठराव्या शतकाचा मध्य. पेशवे आहेत नानासाहेब. पुणं झपाट्यानं वाढतंय, नव्या पेठा वसताहेत, आणि पाणी पुरत नाहीये. नदी आहे, वाड्यांतून आड आहेत, पण तेवढ्यानं भागत नाही. तेव्हा शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून तलाव केले गेले. तिथून शनिवारवाड्यापर्यंत, म्हणजे साधारण आठ किलोमीटर, जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ आणला.

आता यातली इंजिनिअरिंगची मजा ऐका. पंप नाही, वीज नाही. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाण्याच्या वेगानं बांधकाम खचणार, कमी झाला तर गाळ साचून नळ तुंबणार. वाटेत ठिकठिकाणी उभे दगडी मनोरे आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. आतली हवा बाहेर पडावी, दाब नीट राहावा, म्हणून ते बांधले. नळ आतून साफ करता यावा, याचीही सोय होती. म्हणजे बांधतानाच मेंटेनन्सचा विचार केलेला. आमच्या कंपनीत हे शिकायला लोकांना तीन रिलीज लागतात.

हे पाणी शहरात हौदांमध्ये पडायचं. आजही आपण पत्ता सांगताना ती नावं घेतो. फडके हौद चौक. काळा हौद. बदामी हौद. ‘फडके हौदाच्या अलीकडे डावीकडे वळा,’ असं रिक्षावाल्याला सांगताना आपल्याला हौद आठवत नाही, वळण आठवतं.

तर पहिला पत्ता मिळाला. ज्यांनी उतार मोजला, दगड घडवले, बोगद्यात उतरून गाळ काढला. पेशव्यांचं नाव इतिहासात आहे. गाळ काढणाऱ्यांचं नाही. आभाराची पहिली अडचण इथेच सुरू होते: ज्यांना म्हणायचं, त्यातले बहुतेक बिननावाचे आहेत.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. कात्रजचं पाणी पुण्यात आलं, पण पुण्यातल्या सगळ्यांसाठी आलं नाही. ज्या जातींना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांना सार्वजनिक हौदाला हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून ओतलं तर प्यायचं, नाहीतर लांबची वाट धरायची. जे हौद बघून मी आत्ता इतकी खूश झाले, त्यांच्याजवळून तहानलेली माणसं रोज गप्प पुढे जात होती. हे वाचल्यावर नुसतं थँक्यू म्हणता येत नाही. पण म्हणून ते टाळायचं का? मला वाटतं, नाही. पुढची गोष्ट ऐका.

१८६८: एका घराचा हौद

गंज पेठ, म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. तिथे फुले वाडा आहे, समता भूमी. शाळेच्या सहलीत बरेच जण गेले असाल. अंगणातला हौद बघितलाय का, आठवून बघा.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एका वाक्यात संपते ही माहिती, परीक्षेत एका मार्काला येते. पण जरा थांबून विचार करा. सरकारी हौद खुला करा म्हणून अर्ज करणं वेगळं, आणि आपल्या अंगणात लोकांना बोलावणं वेगळं. त्या काळात याचा अर्थ असा की तुमच्या घरचं पाणी आता इतरांच्या लेखी बाटलं. नातेवाईक येणार नाहीत, आले तर पाणी घेणार नाहीत. रोजच्या व्यवहारातला बहिष्कार.

या दोघांना बहिष्कार नवा नव्हता. दोघांना म्हणतेय, कारण घर सावित्रीबाईंचंही होतं आणि किंमतही त्यांनी बरोबरीनं मोजली. १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी समाजाच्या दबावामुळे वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं. तेव्हा जोतीरावांचे मित्र उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. १८४९ मध्ये ज्यांच्यासाठी स्वतःच्या घराचं दार बंद झालं, त्यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचं दार उघडलं. उस्मान शेखांचे आभार त्यांनी कोणत्या शब्दांत मानले, याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. मला तो हौदच आभार वाटतो. जे आपल्याला मिळालं ते पुढच्याला देणं.

फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले एक मोठे नाव म्हणजे डॉ. विश्राम रामजी घोले. शस्त्रवैद्य होते. त्यांची लहान मुलगी काशीबाई वारली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी पुण्यात एक हौद बांधला आणि तो सगळ्यांसाठी ठेवला. बाहुलीचा हौद म्हणतात त्याला, फरासखान्याजवळ आहे. लक्ष्मी रोडला खरेदीला जाता ना, तिथून चालत पाच मिनिटं. बापानं लेकीच्या दुःखातून शहराला पाणी दिलं. आपण तिथून रोज हॉर्न वाजवत जातो.

पण एका अंगणातला हौद उघडला म्हणून गाव उघडत नाही. फुल्यांच्या हौदानंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळं कायद्यानं खुलं झालेलंच होतं, तरीही. त्यानंतर स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, आणि १९७०च्या दशकात पुण्याच्याच डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्रात गावोगाव फिरावं लागलं. कारण विहिरी अजूनही वेगळ्या होत्या. तीन पिढ्या, तीच ओंजळ.

धरण आणि एक विद्यार्थी

आता नळाकडे येऊ. पुण्याच्या नळाचा पत्ता म्हणजे खडकवासला. रविवारी संध्याकाळी जिथे आपण कणीस आणि कांदाभजी खायला जातो, ते धरण ब्रिटिश काळात बांधलं, १८७९ मध्ये पूर्ण झालं. कर्नल फाइफ या इंजिनिअरच्या नावावरून जलाशयाला लेक फाइफ म्हणत. पुणं आणि लष्कराची छावणी यांना पिण्याचं पाणी, आणि कालव्यानं पूर्वेकडच्या शेतीला पाणी, असा दुहेरी हेतू होता.

इथे जोतीराव पुन्हा भेटतात, वेगळ्या वेषात. ते कंत्राटदारही होते. १८७०च्या दशकात पुण्याजवळ मुळा-मुठेवरच्या एका धरणाच्या कामासाठी त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. मांजरीला त्यांची शेती होती, आणि शेतकऱ्यानं कालव्याचं पाणी वापरावं यासाठी त्यांचा आग्रह असायचा. म्हणजे हा माणूस पाण्याकडे तिन्ही बाजूंनी बघत होता. बांधणारा म्हणून, वापरणारा म्हणून आणि वाटणारा म्हणून.

आणि आता माझ्या बिरादरीतला माणूस. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दर १५ सप्टेंबरला, इंजिनिअर्स डेला, ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा फोटो फिरतो, फेटा घातलेला. म्हैसूरकडचा हा मुलगा इंजिनिअरिंग शिकला तो पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजचं सीओईपी. पुढे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करताना त्यांच्यासमोर प्रश्न आला: खडकवासल्यात साठा तर वाढवायचा आहे, पण भिंतीला धोका न होता. त्यांनी स्वयंचलित दारं तयार केली. पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढलं की दारं आपोआप उघडणार, जादा पाणी सोडणार, पातळी उतरली की बंद होणार. १९०३ मध्ये ही दारं खडकवासल्याला बसली. वीज नाही, सेन्सर नाही, पाण्याचं वजनच दार उघडतं. आपण कोडमध्ये ऑटो-स्केलिंग लावून लिंक्डइनवर पोस्ट टाकतो ना, तर हे जरा आठवावं.

मला यातून स्फूर्ती कशाची मिळते सांगू? हुशारीची नाही. हुशार माणसं खूप असतात. या शहरानं एका बाहेरच्या मुलाला शिकवलं, आणि त्यानं शिकलेलं या शहराच्याच पाण्यासाठी वापरलं. हाही एक परतीचा पत्ता.

१२ जुलै १९६१

जुन्या पुणेकरांशी बोललात तर एक शब्दप्रयोग ऐकू येतो: ‘हे पानशेतच्या आधीचं,’ ‘ते पानशेतच्या नंतरचं.’ जणू काळाचेच दोन भाग झाले.

खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधत होते. काम पुरं व्हायच्या आधीच १९६१च्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी सोडायच्या मार्गाशी बिघाड झाला आणि वरची माती खचू लागली. लष्कराचे जवान बोलावले. ११ जुलैच्या रात्री, मुसळधार पावसात, खचणाऱ्या धरणावर उभं राहून ते पोती भरत होते आणि रचत होते. आपण उभे आहोत तेच कोसळणार आहे, हे माहीत असताना.

धरण वाचलं नाही. १२ तारखेला सकाळी ते फुटलं. तो लोंढा खडकवासल्यात आला आणि काही तासांत तेही फुटलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, डेक्कन, नदीकाठचं सगळं पाण्यात गेलं. लकडी पूल बुडाला. माणसं पर्वतीकडे, उंचावर पळाली. माणसं गेली, हजारो घरं गेली. पण पूर दिवसा आला. हेच रात्री, शहर झोपेत असताना झालं असतं तर काय, याचा विचार करवत नाही. जवानांच्या त्या पोत्यांनी धरण वाचवलं नाही, पण काही तास वाचवले. त्या तासांत किती जण जिन्यावरून उतरून पळू शकले असतील, याचा हिशोब कुठल्याच ॲपमध्ये मावणार नाही.

खडकवासला फुटल्यामुळे शहराचे नळही कोरडे झाले. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही. तेव्हा कामी आलं काय? वाड्यांतल्या जुन्या विहिरी आणि कात्रजचं, पेशव्यांच्या वेळचं पाणी. दोनशे वर्षांपूर्वीचा बॅकअप.

नंतर धरणं पुन्हा बांधली. पानशेत झालं, वरसगाव झालं, टेमघर झालं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पण एक हिशोब पुण्यात फारसा बोलला जात नाही. धरण म्हणजे पाणी, आणि पाण्याखाली गावं असतात.

माझ्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. एकदा ऑफिसच्या लोकांनी पानशेतच्या बॅकवॉटरला कॅम्पिंगचं ठरवलं. मावशींचं माहेर त्या बाजूचं, म्हणून मी विचारलं, तिकडे बघण्यासारखं काय आहे? पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, ‘ताई, आमचं जुनं गाव पाण्यातच हाय की. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की देवळाची जोती दिसतात, असं आई सांगायची.’ मग तवा उतरवला आणि विचारलं, भाजीत अजून मीठ लागेल का.

मी सिंकपाशी उभी होते. नळ चालू होता.

आपल्या गेटवरचा हौद

हे सगळं इतिहासातच राहिलं असतं तर मी हा भाग केला नसता. गेल्या एप्रिलमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या वॉटर कूलरवर कागद चिकटवलेला मी बघितला: हा कूलर फक्त रहिवाशांसाठी आहे, घरकामगार आणि डिलिव्हरीवाल्यांनी वापरू नये. कारण ‘स्वच्छता’. जातीचा उल्लेख कुठेच नाही. शब्द बदललेत, सूचना तीच. ३९ डिग्री ऊन, हेल्मेट काढून एक मुलगा तो कागद वाचत उभा होता, माझ्याच वयाचा असेल.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे वाद झाला. कूलरचं बिल आपण भरतो, हा मुख्य मुद्दा. बिल भरणं म्हणजे पाणी आपलं होणं, असं आपल्याला खरंच वाटतं. पण कूलरमधलं ते पाणी कुठून आलं? कुणाच्या शेतावर ते साठलंय? ज्या मावशींना त्याला हात लावू नका म्हणताय, त्यांचं देऊळ त्याच्या तळाशी आहे.

कागद निघाला नाही. पण एका आजींनी कुणाला न विचारता गेटबाहेर झाडाखाली माठ ठेवला, वर झाकण, साखळीला अडकवलेला ओगराळा. रोज सकाळी त्या स्वतः भरायच्या. आपल्याकडे पाणपोई ही फार जुनी रीत आहे. घालणारा कोण, पिणारा कोण, दोघांनाही माहीत नसतं. आठवड्याभरात माठ भरायला दोन पोरं यायला लागली. मे महिन्यात माठ दोन झाले.

आता शेवटचा पत्ता, तो उलट्या दिशेचा. आपण वापरलेलं पाणी जातं कुठे? मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला. भीमेवर उजनी धरण, तिथून सोलापूरला पाणी. आणि तीच भीमा पंढरपुरात वळण घेते, तेव्हा तिला चंद्रभागा म्हणतात. दर आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, नाना पेठेत, भवानी पेठेत. आपण वारकऱ्यांना पोहे देतो, पायांना तेल लावतो, सेल्फी काढतो. पुढे दोन-अडीच आठवड्यांनी ते चंद्रभागेत उतरतात. ते पाणी आपल्या अंगावरून गेलेलं असतं. आपण त्यांना काय देतो, याचं उत्तर पोह्याच्या प्लेटमध्ये कमी आणि आपल्या ड्रेनेजमध्ये जास्त आहे. बाबा, कात्रजच्या बोगद्यात गाळ काढणारा माणूस जसा आपल्याला माहीत नाही, तसे उजनीखालच्या लोकांना आपणही माहीत नाही. पण पाण्याला दोघंही माहीत आहेत.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या घरच्या नळाचं पाणी कुठून येतं ते शोधा. पुणं असो, नाशिक असो, लातूर असो. धरण कोणतं, ते कधी झालं, त्याआधी गाव कुठून पाणी प्यायचं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, त्यांना सांगायला आवडतं. आणि एक प्रश्न नक्की विचारा, थोडा अवघड आहे: तेव्हा त्या पाण्यावर कुणाला येऊ देत नव्हते? जे सापडेल ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा, निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवू.

आणि हो, ऊन वाढतंय. माठ साधारण दीडदोनशे रुपयांना मिळतो.

भेटूच.